जिताड्यासाठी जिग : खारेपाटातील तळेमालकांसाठी एक धडा

रायगड जिल्ह्यातील अलिबाग व पेण तालुक्यांच्या खारेपाटात भातखाचराच्या कडेला किंवा घराच्या मागील अंगास एखादे लहानसे तळे असते आणि त्या तळ्यात जिताडा वाढत असतो. पावसाळ्यात खाडीच्या कडेने व उघाडीच्या तोंडाशी सापडणारी बोटभर लांबीची पिल्ले शेतकरी आणून सोडतो. कोळंबी, लहान मासे, जे काही तळ्यात असेल ते खाऊन ती वाढतात. खाद्य चांगले मिळाल्यास वर्षाअखेर त्यांचे वजन साधारणपणे अर्धा ते एक किलोग्रॅम भरते. पुढे दोन-तीन वर्षे राखल्यास मासा बराच मोठा होतो. बाजारात या माशाला मागणी नेहमीची, आणि भावही इतर तळ्यांतल्या माशांहून चढा. त्यामुळे तळ्यातील दहा-वीस जिताडे ही त्या कुटुंबाची पाण्यात ठेवलेली शिल्लक असते. शाळेची फी भरावयाची आहे, दवाखान्याचा खर्च निघाला आहे, घरी पाहुणे यावयाचे आहेत, अशा वेळी एक किंवा दोन मासे काढले की गरज भागते.

अडचण असते ती हे एक-दोन मासे काढण्याचीच. उन्हाळ्यात तळे उपसून सगळे मासे एकदम काढणे सोपे. परंतु वर्षाच्या मध्यावर एकच मासा हवा असेल तर तळे उपसता येत नाही. पाग टाकला तर तो तळ्यातल्या खुंटांत व मुळ्यांत अडकतो. ओढजाळे फिरवले तर जिताडा जाळ्याच्या वरून उडी मारून पलीकडे जातो. हा मासा उडी मारण्यात फार तरबेज आहे. शिवाय जाळे ओढताना तळाचा गाळ ढवळला जाऊन पाणी गढूळ होते, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि हवा होता एक, पण खवले निघून जखमी होतात पाच. जखमी मासे पुढे बुरशी येऊन मरतात व त्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाही. अशा वेळी गळ हेच योग्य साधन ठरते.

गळाने मासे धरण्याची, म्हणजेच गरवण्याची विद्या कोकणात नवी नाही. खाडीकाठच्या गावातील बहुतेक मुलांना ती येते. जिवंत कोळंबी गळाला लावून जिताडा धरण्याची रीतही जुनीच आहे व ती फळते, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. परंतु तळ्यातून निवडून मासा काढावयाचा असेल तेव्हा जिवंत आमिषात एक मोठा दोष दिसून येतो. आमिष खरे असल्याने जिताडा ते निःशंकपणे गिळतो आणि गळ पुष्कळदा त्याच्या घशात किंवा पोटात रुततो. असा मासा लहान निघाला तरी परत सोडून उपयोग होत नाही. तो बहुधा मरतो. म्हणजे पाऊण किलोचा मासा हवा असताना पाव किलोचा लागला, तर तोही गेला आणि हवा तो मिळालाही नाही. त्यातच तळ्यात चिलापी असल्यास ती आमिष टोचून टोचून खाऊन टाकते. या दोन्ही अडचणींवर चांगला उपाय म्हणजे जिग.

जिग म्हणजे काय

जिग हे एक कृत्रिम आमिष आहे. गळाच्या मानेवर शिशाचे किंवा दुसऱ्या जड धातूचे लहानसे डोके ओतलेले असते आणि गळाची दांडी पिसांनी, केसांनी, रबराच्या धाग्यांनी किंवा मऊ प्लास्टिकच्या शेपटीने झाकलेली असते. दोर बांधावयाची कडी डोक्याच्या वरच्या अंगास असते. या रचनेमुळे जिग पाण्यात डोके खाली करून पडतो, तळावर टेकतो तेव्हा गळाचे टोक आकाशाकडे राहते, आणि तळातील काटक्या-मुळ्यांत तो साध्या गळापेक्षा कमी अडकतो.

अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या तलावांत व नद्यांत बास नावाचा मासा धरण्यासाठी हे साधन फार वापरात आहे. तेथील मोठ्या तोंडाचा बास आणि आपला जिताडा यांची कुळे निराळी आहेत. जिताड्याचे शास्त्रीय वर्णन ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९० मध्ये केले. बंगालमध्ये त्यास भेटकी म्हणतात, गोव्यात चणक म्हणतात, आणि ऑस्ट्रेलियात बॅरामंडी या नावाने तो प्रसिद्ध आहे. इंग्रजीत मात्र त्यालाही समुद्री बास असेच म्हटले जाते, आणि नाव सारखे असण्यास सवयींचा आधार आहे. दोघेही आडोशाला दबा धरून बसतात, भक्ष्य टप्प्यात येईपर्यंत हलत नाहीत, आणि मोठे तोंड एकदम उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतात. अमेरिकेतील बास तळावरचे गोड्या पाण्यातील शेवंडासारखे प्राणी खातो. जिताड्याची आवड कोळंबीची. हे दोन्ही प्राणी संकट येताच शेपटीचा झटका देऊन मागे उसळतात आणि मग हळूहळू खाली बसतात. जिग वर उचलून खाली सोडला म्हणजे तो नेमकी हीच हालचाल करतो. तिकडचे साधन इकडच्या माशाला लागू पडते ते या कारणाने.

साधने

तळ्याची खोली दीड-दोन मीटर असेल तर ७ ते १० ग्रॅम वजनाचा जिग पुरेसा होतो. खाडीच्या वाहत्या पाण्यात १५ ते ३० ग्रॅमपर्यंत वजन लागते. नवशिक्याचा ओढा नेहमी जड जिगकडे असतो, कारण तो लांब जातो आणि तळाला लागल्याचे हाताला स्पष्ट कळते. परंतु तळ्याच्या मऊ गाळात जड डोके रुतून बसते आणि जिग खाली येण्याचा वेळही फार थोडा होतो. मासा बहुधा जिग खाली येत असतानाच घेतो, म्हणून हा वेळ जितका वाढवता येईल तितका बरा. ज्या हलक्या वजनाचा तळ हाताला कळतो, ते वजन योग्य.

गळ मजबूत व अतिशय धारदार असावा. जिताड्याच्या तोंडाचा भाग हाडकुळा असून बोथट गळ त्यावरून घसरतो. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढावे. ते नखावर अडकले तर धार ठीक, घसरले तर कानशीने घासून घ्यावे. गळाच्या टोकाजवळील उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करणे इष्ट होय. त्यामुळे मासा सुटण्याचा संभव किंचित वाढतो, हे खरे. पण लहान मासा इजा न होता सोडता येतो, आणि गळ माणसाच्याच बोटात शिरला तर दवाखाना गाठावा लागत नाही.

दोर म्हणून ०.३५ ते ०.४० मिलिमीटर जाडीचा तंगूस तळ्यासाठी चालतो. मात्र जिगच्या लगतचा सुमारे एक मीटर भाग ०.६० मिलिमीटर किंवा त्याहून जाड तंगुसाचा असलाच पाहिजे. जिताड्याच्या गालफडाच्या हाडाची कड करवतीसारखी दातेरी असते आणि कल्ल्यांचे झाकणही धारदार असते. डोके झटकताना बारीक तंगूस त्यावर घासला की तुटलाच. गाठ आवळण्यापूर्वी तंगूस थुंकीने किंवा पाण्याने ओला करावा. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तंगूस तापतो व त्याच जागी कमजोर होतो. मोठा मासा तुटून गेला म्हणून हळहळणाऱ्यांच्या दोराचे टोक पाहिले असता ते पुष्कळदा गाठीपाशीच तुटलेले आढळते.

रीळ व काठी असल्यास उत्तमच, पण ती घेतल्यावाचून काम अडत नाही. आठ-दहा मीटर रुंदीच्या तळ्यावर साडेतीन-चार मीटर लांबीची, शेंड्याला लवचिक अशी बांबूची काठी व तिला बांधलेला तेवढाच दोर पुरतो. लाकडी फळीवर गुंडाळलेला हातदोरही चालतो. त्यासाठी उजव्या हाताच्या तर्जनीवर सुती कापडाची पट्टी बांधून घ्यावी, नाहीतर तंगुसाने बोट कापते.

जिग घरी तयार करण्याचा उत्साह अनेकांना असतो. पिसे बांधण्याचे काम अवश्य घरी करावे. कोंबड्याच्या मानेची लांब पिसे किंवा बकऱ्याच्या शेपटीचे केस दांडीवर दोऱ्याने घट्ट गुंडाळून वर नखांना लावावयाच्या रंगाचा हात दिला की काम झाले. स्वच्छ पाण्यासाठी पांढरा रंग, आणि पावसाळी गढूळ पाण्यात किंवा संधिप्रकाशात काळा रंग वापरून पाहावा. गढूळ पाण्यात माशाला रंगापेक्षा आकृतीची कड दिसते. शिसे ओतण्याचे काम मात्र घरी करू नये हेच बरे. शिसे विषारी आहे, त्याची वाफ व धूळ मुलांना विशेष घातक असते, आणि साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला तरी वितळलेले शिसे उसळून अंगावर उडते. तयार डोकी विकत मिळतात. शक्य असल्यास शिशाऐवजी कथील किंवा टंगस्टनची घ्यावीत. शिशाचा जिग हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, आणि तो दातांत तर कधीच धरू नये.

पहिले धडे

शिकवण्यास सुरुवात तळ्यापासून करू नये. ग्रामकार्यकर्त्याने प्रात्यक्षिक ठेवल्यास पहिला तास खळ्यावर किंवा कापणी झालेल्या शेतात घ्यावा. दोराला गळाऐवजी नुसते वजन बांधावे, आठ मीटरवर एक घमेले ठेवावे आणि त्यात वजन टाकावयास सांगावे. दहापैकी सहा वेळा वजन घमेल्यात किंवा त्याच्या हातभर अंतरात पडू लागले की पुरे. जिताडा खुंटापासून एका वितीवर बसलेला असतो आणि तेथून तो फारसा हलत नाही. जिग दोन मीटर लांब पडला तर तो पडून न पडल्यासारखाच. काठी गरगर फिरवून जोराने फेकण्याची सवय प्रथमच मोडावी. वजन झोक्यासारखे पुढे-मागे हलवून सहज सोडले म्हणजे ते हळू पडते आणि पाण्यावर मोठा आवाज होत नाही.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा, आणि बहुतेक लोक तो वगळतात. कमरेइतक्या स्वच्छ पाण्याच्या जागी, ओढ्याच्या डोहावर किंवा विहिरीच्या पायऱ्यांवर, जिग डोळ्यांदेखत खाली सोडावा. तो कसा पडतो, पिसे कशी मिटतात व उघडतात, तळ लागताच दोर कसा सैल पडतो, हे पाहावे. मग मनगट वळवून वीतभर उचलावा व पुन्हा सोडावा. उचलताना दोर ताठ असतो. सोडताना तो अगदी ढिला सोडला तर जिग सरळ खाली जातो, पण माशाने घेतल्याचे हाताला काहीच कळत नाही. म्हणून काठीचे टोक पडत्या जिगच्या मागोमाग खाली न्यावे, म्हणजे दोर ताठही नाही आणि ढिलाही नाही अशा स्थितीत राहतो. हे दहा-वीस वेळा पाहून झाल्यावर डोळे मिटून तेच करावे आणि जिग तळाला केव्हा टेकला ते मोठ्याने सांगावे. शेजारी उभा असलेला दुसरा शिकाऊ चूक-बरोबर सांगेल. या एका अर्ध्या तासाने जे साधते ते तळ्यावर आठ दिवस बसूनही साधत नाही.

तळ्यावर गेल्यावर पहिले काम मासा धरण्याचे नसून तळ मोजण्याचे असते. जिग पाण्याला लागल्यापासून मनात एक-दोन-तीन असे सम गतीने मोजावे व दोर सैल पडताच आकडा लक्षात ठेवावा. काठालगत तीन, खुंटापाशी पाच, उघाडीच्या खळग्यात आठ, असा तळ्याचा नकाशा तयार होतो. स्वतःच्या तळ्याची खोली शेतकऱ्यास ठाऊक असतेच. पण ती आकड्यांत बसवल्याचा उपयोग वेगळा आहे. जेथे पाच मोजले पाहिजेत तेथे तिनावरच दोर सैल पडला, तर जिग तळाला पोचलेला नाही. वाटेत कोणीतरी तो घेतला आहे.

मासा घेतो तेव्हा

जिताड्याने जिग घेतल्याची खूण प्रत्येक वेळी सारखी नसते, आणि याच ठिकाणी बहुतेक नवशिके मासा गमावतात. कधी हाताला 'टक्' असा स्पष्ट ठोका बसतो. कधी दोर पडता पडता मध्येच थांबतो. कधी तो कडेला सरकू लागतो, आणि कधी नुसते वजन नाहीसे होते. मासा जिग तोंडात घेऊन काठाकडेच येत असतो, त्यामुळे हाताला काही जाणवत नाही. जिवंत कोळंबीच्या सवयीने मनुष्य येथे थांबतो, मासा गिळेपर्यंत वाट पाहतो. जिगच्या बाबतीत असे थांबणे चुकीचे आहे. जिताडा जिग गिळीत नाही. धातू व पिसे खाद्य नव्हेत हे तोंडात घेताच त्यास कळते, आणि ज्या वेगाने तो भक्ष्य आत ओढतो त्याच वेगाने नको असलेले बाहेर टाकतो. मध्ये जो क्षण मिळतो तेवढ्यातच गळ बसवावयाचा असतो. याच कारणाने गळ बहुधा ओठात किंवा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो व मासा परत सोडण्याजोगा राहतो. म्हणजे जिगचा जो गुण शेतकऱ्याच्या फायद्याचा आहे, तोच शिकणाऱ्याची परीक्षा पाहतो.

खूण दिसताच प्रथम काठीचे टोक खाली करून दोरातला सैलपणा घ्यावा आणि मग मनगट व कोपर यांनी एकच भक्कम ओढ द्यावी. सैल दोरावर दिलेला झटका हवेत जातो. शंका आली तरी ओढ द्यावी. काटकी निघाली तर काही बिघडत नाही.

लागलेला जिताडा प्रथम आडोशाकडे धावतो व नंतर पाण्याबाहेर उडी घेऊन डोके झटकतो. जिगचे जड डोके या वेळी माशाच्या कामी येते. झटक्याबरोबर ते हिंदकळून गळ निसटतो. म्हणून मासा वर येतो आहे असे दोराच्या तिरकेपणावरून दिसताच काठी पाण्याकडे वाकवावी, वर उचलू नये, आणि दोर ताठ ठेवावा. पहिली धाव खुंटापासून दूर वळवणे हे निम्मे काम. पुढे घाई करू नये. मासा कुशीवर झाला म्हणजे हातजाळे पाण्यात आधी बुडवून त्यावर मासा आणावा. जाळे घेऊन माशाच्या मागे धावल्यास तो पुन्हा उसळतो. तंगुसाने उचलून काठावर आपटण्याची पद्धत अगदी टाकून द्यावी.

हाताळताना कल्ल्याच्या झाकणाखाली बोटे घालू नयेत. ते झाकण व पाठीवरील काटे हात चांगलेच कापतात. ओल्या फडक्याने खालचा जबडा धरावा आणि दुसऱ्या हाताने पोटाखाली आधार द्यावा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो. सोडावयाच्या माशाला तो थर औषधासारखा आवश्यक असतो.

वेळ व जागा

जिताडा ऊन टाळतो. सूर्योदयानंतरचा व सूर्यास्तापूर्वीचा एक-दीड तास सर्वांत चांगला. डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी गार पडते व मासा सुस्त होतो, तेव्हा सकाळी लवकर न जाता दुपार कलताना जावे आणि जिग नेहमीपेक्षा सावकाश उचलावा. पावसाळ्यात शेतातले पाणी ज्या तोंडाने तळ्यात पडते तेथे, उन्हाळ्यात झाडाच्या सावलीखालच्या खोल भागात, आणि एरवी खुंट, दगडी पायरी, उघाडीचा गाळा अशा आडोशांशी तो सापडतो. खाडीत ओहोटी सुरू होऊन खाचरांचे पाणी लहान मासे व कोळंबी घेऊन बाहेर पडू लागते, तेव्हा उघाडीच्या तोंडाबाहेर प्रवाहाच्या कडेला तो तोंड वर करून उभा असतो.

काठावर पाय आपटीत चालू नये, आणि स्वतःची सावली पाण्यावर पडू देऊ नये. जमिनीचा धक्का पाण्यातून माशाला लगेच समजतो. एकाच जागी आठ-दहा वेळा जिग पडूनही काही घडले नाही तर जागा बदलावी. एक मासा लागून झुंज झाली की बाकीचे सावध होतात. त्या दिवशी तळे सोडून द्यावे व पुन्हा दोन-चार दिवसांनी जावे. रोज उठून जिग टाकणाऱ्याच्या तळ्यातील जिताडे जिग ओळखू लागतात, आणि मग ज्या दिवशी खरी गरज असते त्या दिवशी काही मिळत नाही.

उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी आटलेले असताना पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर गळ बाजूला ठेवावा. हे प्राणवायू कमी पडल्याचे लक्षण आहे. अशा वेळी ताजे पाणी सोडणे किंवा पंपाने तळ्यातलेच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडणे हा उपाय करावा. दमलेल्या माशाशी झुंज घेतल्यास सोडलेला मासा हमखास मरतो.

तळ्यातला मासा व खाडीतला मासा

येथे एक भेद प्रत्येक शेतकऱ्याने नीट समजून घेतला पाहिजे. जिताडा गोड्या व मचूळ पाण्यात वाढतो, पण अंडी घालण्यास त्याला खाडीच्या मुखाशी, समुद्राच्या खारट पाण्यात जावे लागते. तळ्यात कोंडलेला जिताडा कितीही वर्षे राखला तरी तेथे त्याची पैदास होत नाही. म्हणून तळ्यातील कोणता मासा केव्हा काढावा हा केवळ मालकाच्या सोयीचा व हिशेबाचा प्रश्न आहे.

खाडीची गोष्ट तशी नाही. जिताडा तरुणपणी नर असतो आणि काही वर्षांनी, आकाराने मोठा झाल्यावर, त्याचे मादीत रूपांतर होते. म्हणजे खाडीत सापडणारा फार मोठा जिताडा बहुधा मादी असतो. अशी एक मादी एका हंगामात लक्षावधी अंडी देते, आणि पावसाळ्यात उघाडीपाशी जी पिल्ले शेतकरी हौसेने गोळा करतो ती अशाच माद्यांची असतात. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त जागेत जिताड्याचे प्रजनन यशस्वी केले, आणि त्यामुळे उबवणी केंद्रातील पिल्ले मिळण्याची वाट मोकळी झाली. परंतु ज्या गावची तळी अजून खाडीच्या पिल्लांवर भरतात, त्या गावाने पावसाळ्याच्या महिन्यांत खाडीतील मोठी मादी जिगला लागल्यास ती पाण्यातच गळ काढून सोडून द्यावी. बाजारात तिचे पैसे एकदा होतात. सोडली तर त्या काठावरच्या अनेक तळ्यांना तिचा उपयोग होतो. हा नियम कोणी वरून लादण्यापेक्षा गावाने आपसांत ठरवला तर तो अधिक पाळला जातो असा सर्वसाधारण अनुभव आहे, आणि ग्रामकार्यकर्त्याने पिल्ले सोडण्याच्या हंगामापूर्वीच तो विषय बैठकीत काढावा.

दुसऱ्याच्या तळ्यावर, तसेच मच्छीमार संस्थेला किंवा ठेकेदाराला दिलेल्या जलाशयावर परवानगीवाचून जिग टाकू नये, हे वेगळे सांगावयास नको.

काढलेला मासा

घरी किंवा बाजारासाठी ठेवावयाचा मासा तडफडत पडू देऊ नये. डोक्यावर डोळ्यांच्या किंचित मागे लाकडी दांडक्याचा एकच घाव घालून तो मारावा, कल्ले कापून रक्त वाहू द्यावे आणि लगेच बर्फात ठेवावा. माशाच्या वजनाइतका चुरा केलेला बर्फ हे उन्हाळ्यातले प्रमाण धरावे. जिवंत धरलेला व ताबडतोब बर्फात ठेवलेला जिताडा आणि दुपारभर टोपलीत राहिलेला जिताडा यांच्या भावातील फरक गिऱ्हाईक बोटाने दाबूनच सांगते.

मासा साफ करताना त्याचे पोट अवश्य उघडून पाहावे व एका वहीत तारीख, वजन आणि पोटात काय सापडले ते लिहावे. पोटात कोळंबी व लहान मासे असल्यास तळ्यात खाद्य पुरेसे आहे. पोट अनेकदा रिकामे निघू लागले तर चिलापीची पिल्ले किंवा कोळंबी सोडून खाद्य वाढवावे. पोटात दुसरा जिताडा सापडला तर मात्र विलंब लावू नये. हा मासा स्वतःच्या लांबीच्या निम्म्याहून अधिक लांबीचा भाऊबंद सहज गिळतो, आणि पिल्ले एका आकाराची नसलेल्या तळ्यात सोडलेल्या पंचवीसांपैकी पाच-सातच शिल्लक का राहतात याचे उत्तर बहुधा तेथेच असते. अशा तळ्यात त्याच आठवड्यापासून सर्वांत मोठे दोन-तीन मासे जिगने निवडून काढावेत, लहान लागतील ते सोडून द्यावेत, आणि पुढील पावसाळ्यात पिल्ले सोडताना ती आकाराप्रमाणे वेगळी करून एका तळ्यात एकाच मापाची घालावीत.